आवृत्ती क्रमांक चार (हयात)

भिमाजी ढगे यांना सरकारी पत्र आलं तेव्हा ते आपल्या दुकानात साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारीत तांब्याची तार भरत बसले होते. पत्र ‘जिल्हा लोकस्वर वारसा कक्षा’चं होतं. असं कार्यालय नगरात आहे हे भिमाजींना ठाऊक नव्हतं आणि भिमाजी नगरात आहेत हे कळायला कार्यालयाला पस्तीस वर्षं लागली होती. म्हणजे फिटंफाट झाली.

चष्मा घरी राहिला होता म्हणून दुपारी जेवताना पत्र छबूबाईंनी वाचून दाखवलं. ‘डबर’ या रॉक ग्रुपच्या ‘पहिला बार’ या पहिल्या अल्बमला पस्तीस वर्षं पूर्ण होत असल्याने त्याची अधिकृत आवृत्ती प्रकाशित करण्याचे विचाराधीन आहे. सोहळ्यात मूळ गायकाने एक गाणे सादर करावे. मूळ कॅसेट तीन प्रतींत जोडावी.

भिमाजींचा घास हातातच राहिला. एमआयडीसीत कामाला असताना चौघा जणांनी मिळून तो ग्रुप काढला होता, गायचे भिमाजी. रॉक म्हणजे काय, असं घरचे विचारायचे. खडक, असं सांगितलं की म्हणायचे, मग तो फोडायला का जात नाही? तेव्हा घराच्या पायात घालायच्या दगडाचं नाव ग्रुपला दिलं आणि सुटीच्या दिवशी एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात आठ गाणी भरली. सात कार्यक्रम झाले. मग कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न झालं, आणि डबर जागोजाग पसरला.

त्या सातही कार्यक्रमांच्या वेळी छबूबाई बाळंतपणाला माहेरी होत्या. नवऱ्याचं गाणं त्यांनी ऐकलं ते एवढंच, तार गुंडाळताना तोंडातल्या तोंडात चालायचं तेवढं.

“ह्या टायमाला मी पुढं बसनार,” छबूबाई म्हणाल्या. “पार पहिल्या लायनीत.”

“बस की,” भिमाजी म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तंबाखू सोडली.

मूळ फीत उंदरांनी कधीच खाल्ली होती. भिमाजींनी आपल्याजवळची कॅसेट दिली. कक्षाचे प्रमुख नृसिंह टोकेकर यांनी ती दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली. शाळेतल्या प्रार्थनेनंतर टोकेकरसाहेबांनी संगीत म्हणून काही ऐकलेलं नव्हतं. निःपक्षपाती अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक याच गुणावर झाली होती.

“हीच मूळ कशावरून?” त्यांनी विचारलं.

“मी गायलोय, सायेब.”

“तो पुरावा झाला नाही, ते विधान झालं,” टोकेकर म्हणाले आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

हरकत घ्या असं सांगितल्यावर घेणार नाही असा माणूस आपल्या जिल्ह्यात निपजायचा आहे. आठव्या दिवशी संगमनेरहून प्राध्यापक भागवत यांचं अकरा पानी पत्र आलं. सूचनेत गाण्यांची संख्या आठ दिली आहे, ती नऊ असून नववं गाणं वगळणं हा प्रवरेच्या काठावर अन्याय आहे. दहाव्या दिवशी जामखेडहून रामहरी नावाचे गृहस्थ स्वतःच आले. स्टँडजवळ त्यांचं कॅसेटवरून कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं, आता तिथेच ते मोबाईलची कव्हरं विकतात. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. नगरची कॅसेट पळते.

टोकेकरांनी तौलनिक पडताळणी समिती नेमली. सदस्य तीन: स्वतः ते, भागवत सर आणि रामहरी. भिमाजींना साक्षीदार म्हणून बोलावण्यात आलं. टेपरेकॉर्डर सरकारी भांडारात नव्हता, तो एका बँडवाल्याकडून मागून आणला. त्याचं झाकण निघालेलं असल्यामुळे कॅसेट बोटाने दाबून धरावी लागे. हे काम साक्षीदाराकडे आलं.

आधी संगमनेर आवृत्ती लागली. आठ गाणी जशीच्या तशी झाली आणि नंतर एक बाई गोड आवाजात म्हणू लागली, ‘खा गं माझ्या कपिले, सरकी पेंड खा. सकाळ-संध्याकाळ दोन घमेली खा.’ भागवत सरांनी डोळे मिटले.

“हे नववं गाणं,” ते म्हणाले. “आधीच्या आठ गाण्यांत नुसता गोंगाट आणि संताप आहे. शेवटी मात्र यंत्रयुगाला कंटाळलेला कामगार गायीकडे परततो. माझ्या एका विद्यार्थिनीने यावर प्रबंध लिहिला आहे.”

“सर, ती जायरात हाय,” भिमाजी बोट न उचलता म्हणाले. “तिकडचा कॅसेटवाला पेंडीचा एजंट हुता. फीत उरली म्हनून त्यानं भरली. ती बाई कोन, मला म्हाईत न्हाई.”

“कलावंताला स्वतःच्या कलाकृतीतलं सगळं कळतंच असं नाही,” भागवत सर क्षमाशील स्वरात म्हणाले. टोकेकरांनी हे वाक्य इतिवृत्तात घेतलं.

मग जामखेड आवृत्ती. त्या काळी रामहरींच्या दुकानात विजेचा दाब असा असे की बल्बच्या उजेडात बल्ब तेवढा दिसे. कॅसेट वाजवणारं मशीन रडत चाले आणि भरणारं मशीन बॅटरीवर नीट चाले. त्यामुळे जामखेडच्या कॅसेटमध्ये भिमाजींचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा खोल होता आणि तीन मिनिटांचं गाणं पाच मिनिटं पुरायचं.

“बगा,” रामहरी म्हणाले, “ह्याला म्हनत्यात आवाज. नगरवाल्यांनी उरकलंय नुसतं. जेवून गाडी गाठायचीय आसं.”

“आन हे ‘लाइट गेली’ मदीच तुटतंय ते?” भिमाजींनी विचारलं.

“तुटत न्हाई. तिथं खरंच लाइट गेल्ती. पन आमच्याकडं लोक तिथं टाळी वाजवत्यात. गानं लाइटीवर, आन लाइट गेली. आता ह्याच्या म्होरं काय म्हनायचं राहतंय?”

हा सिद्धांत भागवत सरांनाही पटला, फक्त तो जामखेडचा असल्यामुळे त्यांनी मान हलवली नाही.

दोन बैठका अशा गेल्यावर टोकेकरांना एक सोपा उपाय सुचला. गायक समोरच आहे. त्याला गायला लावावं आणि ते कोणत्या आवृत्तीशी जुळतं ते पाहावं.

भिमाजींनी बोट काढलं, घसा साफ केला आणि ‘चौथी पाळी’ सुरू केलं. कारखान्यात तीन पाळ्या असतात, चौथी घरी असते, असं ते गाणं. आवाज चिरका झाला होता, पण त्यात अजून जोर होता. टेबलावर मुठीने ठेका धरत ते गात गेले. दुसऱ्या कडव्याला शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबला. बाहेर दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी खिडकीला तोंडं लावली. रामहरी खाली बघत पायाने ताल देत होते. गाणं संपलं तेव्हा टोकेकरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना काहीतरी झालं होतं, पण त्यासाठी नमुना उपलब्ध नव्हता.

मग भागवत सर म्हणाले, “छान. पण हे कुठल्या आवृत्तीतलं?”

अहवाल आठ दिवसांनी आला. ‘सदर इसमाचे गायन एकाही आवृत्तीशी जुळत नाही. नगर आवृत्तीपेक्षा पट्टी खाली, जामखेड आवृत्तीपेक्षा वर, पेंडीचा उल्लेख निरंक. सबब त्यांना आवृत्ती क्रमांक चार (हयात) समजण्यात यावे.’ खाली टीप होती. आवृत्ती क्रमांक चारने हयातीचा दाखला दर महिन्याला सादर करावा, अन्यथा ती बाद समजली जाईल.

“म्हंजे गानं हाय का न्हाई तुमचं?” छबूबाईंनी विचारलं. त्यांनी जरीच्या काठाचं लुगडं इस्त्रीला दिलं होतं.

“हाय. पन मी चार नंबरला हाय,” भिमाजी म्हणाले आणि दाखला काढायला गेले.

तोवर बातमी जिल्हाभर पसरली होती. संगमनेर आणि जामखेडची आवृत्ती असते आणि आपली नाही, हे उरलेल्या तालुक्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. माळ्यावरून, गोठ्यातून, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधून कॅसेटी निघाल्या. अकोले तालुक्याच्या कॅसेटमध्ये तिसऱ्या गाण्यावर कुणाचा तरी साखरपुडा भरलेला होता. नेवाशाची उलट्या बाजूने गुंडाळलेली होती आणि तिथल्या शिष्टमंडळाने ती तशीच ऐकण्याचा आग्रह धरला. शेवगावच्या कॅसेटमध्ये दुसरं गाणं अर्ध्यावर थांबून एक बाई ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याला निरोप देत होती. म्हशीला रेडकू झालंय, पोरगं चालायला लागलंय, तुमी जेवत जा. हे ऐकताना समिती चहा घ्यायची विसरली. भिमाजींनी तो भाग पुन्हा एकदा लावायला सांगितला. इतिवृत्तात मात्र नोंद झाली ती अशी: ‘आशय कौटुंबिक, ताल अनियमित.’

एकूण चौदा आवृत्त्या झाल्या, हयात आवृत्ती धरून पंधरा. एक मान्य करावी तर तेरा तालुके मोर्चा आणणार. सगळ्या मान्य कराव्यात तर अधिकृत ती कुठली? टोकेकरांनी रजा टाकली, रजेत विचार केला आणि परत येऊन तोडगा मांडला. फितीवरच्या सर्व आवृत्त्यांत जे समान असेल तेवढंच ग्राह्य धरावं. यात कुणावर अन्याय होत नाही.

तोडगा एकमताने मंजूर झाला. मग छाटणी सुरू झाली. ‘चौथी पाळी’ हे तिसरं गाणं, अकोल्यात त्या जागी साखरपुडा होता, ते गेलं. ‘लाइट गेली’ जामखेडला अर्धंच होतं, म्हणून सगळीकडचं उरलेलं अर्धं गेलं, आणि नेवाशात ते उलटं असल्यामुळे पहिलं अर्धंही गेलं, बाकीच्या गाण्यांचंही तेच झालं. पेंड गेली तेव्हा भागवत सरांनी लेखी खेद नोंदवला. शेवटी पंधराव्या बैठकीत समान म्हणून दोनच गोष्टी राहिल्या. एक, रिकामी फीत फिरताना येतो तो ‘सूं’ असा आवाज. दोन, पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी आलेला एक खोकला, जो नेवाशात उलटा असूनही खोकलाच होता.

“ह्यो कानिफनाथ,” भिमाजी हळूच म्हणाले. “आमचा ड्रमवाला. बर्फाच्या कारखान्यात सर्दी झाल्ती त्याला. नऊ वर्सं झाली त्याला जाऊन.”

“हयात नाहीत?” टोकेकर म्हणाले. “मग अडचण नाही.”

सोहळ्याची तारीख ठरली. पत्रिकेवर ठळक छापलं, ‘डबर: पहिला बार, सकाळी अकरा वाजता.’ प्रती रीतसर सगळीकडे गेल्या. एका कार्यालयाने विचारलं, सुरुंगाचा बार उडवण्याची परवानगी घेतली आहे का, आणि डबर किती ब्रास काढणार? दुसऱ्या कार्यालयाने कळवलं की सभागृहाजवळ देऊळ असल्याने पहिला किंवा दुसरा कोणताही बार तिथे चालू करता येणार नाही. टोकेकरांनी दोघांना एकच उत्तर पाठवलं: ‘डबर काढला जाणार नाही, बार उडणार नाही, बारमध्ये काही मिळणार नाही.’ यावर दोन्हीकडून एकच प्रश्न आला, मग कार्यक्रम कसला आहे? ते पत्र टोकेकरांनी फायलीत तळाशी घातलं.

भिमाजींना आदल्या दिवशी चिठ्ठी मिळाली. ‘अधिकृत आवृत्तीत शब्द नसल्याने गायनाचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि आपण सपत्नीक उपस्थित राहण्यास हरकत नाही.’ सोबत सोळाव्या रांगेचे दोन पास होते.

भिमाजींनी चिठ्ठी घडी करून ठेवली. “जाऊ दे, न्हाई जायचं,” ते म्हणाले.

“जायाचं,” छबूबाई म्हणाल्या. “लुगडं काय पुन्यांदा इस्त्री करू?”

सभागृह गच्च भरलं होतं. पाहुणे दीड वाजता आले. भागवत सर आवृत्त्यांच्या इतिहासावर पाऊण तास बोलले. मग दिवे मंद झाले, पाहुण्यांनी बटण दाबलं आणि मोठमोठ्या स्पीकरांतून ‘सूं’ सुरू झालं. थोड्या वेळाने खोकला आला. टाळ्या पडल्या. मग पुन्हा ‘सूं’.

बेचाळीस मिनिटांची ती आवृत्ती होती. दहा मिनिटांनी कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं की यात आपल्या तालुक्याची झाक जास्त आहे. शेजाऱ्याने लगेच नाही म्हटलं. तरणी पोरं मोबाईलवर टिपून घेत होती. म्हातारे डोळे मिटून मान डोलावत होते. कुणीही उठून गेलं नाही, कारण शेजारचा उठत नव्हता.

छबूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “म्हना की तुमी,” त्या म्हणाल्या. “मी हे सूं ऐकायला आले न्हाई, तुमचं ऐकायला आलेय.”

भिमाजींनी इकडेतिकडे पाहिलं. मग गुडघ्यावर मुठीने ठेका धरला आणि ‘चौथी पाळी’ची पहिली ओळ म्हटली. खालच्या पट्टीत, पण तोंड उघडून. छबूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि अंग वळवून नवऱ्याकडे तोंड करून बसल्या. दुसरी ओळ झाली. तिसरीला पाठीमागून एक हात आला आणि भिमाजींच्या खांद्यावर थोपटून थांबला.

“ओ बाबा, जरा गप्प बसा,” तो आवाज अगदी सभ्यपणे म्हणाला. “मूळ ऐकू द्या.”

भिमाजी गप्प बसले. छबूबाईंनी वळून पाहिलं, पण अंधारात त्यांना दिसला तो मिटल्या डोळ्यांनी डोलणारा एक चांगल्या घरचा, रसिक चेहरा.

तो माणूस कोण, हे पुढे कळलं नाही. नगरात कुणालाही विचारा, त्या दिवशी मी सभागृहात होतो असं जो तो अभिमानाने सांगतो, आणि तो हात माझा नव्हता असंही जो तो सांगतो. तुम्ही कुठल्या रांगेत होतात?