कोंडवाड्यातलं हसू

सिंहस्थ लागला की लग्नं थांबतात, म्हणून मखमलाबादच्या पुंजारामने लेकीचं, भाग्यश्रीचं लग्न वैशाखातच उरकून घेतलं. ते साल २००३. मांडव उतरला आणि त्याच आठवड्यात घरात कॉम्प्युटर आला. मुलगा जीवन सातपूरच्या एका कारखान्यात होता. तिथे जुने कॉम्प्युटर काढून टाकत होते. त्यातला एक जीवनने मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून, नव्या नवरीला सांभाळावं तसा कवटाळून घरी आणला.

पुंजारामची झेंडूची शेती. रोग आणि किडीशी त्याचं जन्माचं वैर. कॉम्प्युटरलाही रोग होतो हे कळल्याबरोबर तो खुर्ची ओढून बसला.

"औषध हाय का त्याला?"

"हाय आप्पा. अँटिव्हायरस म्हणतात."

"एकाच कंपनीचं का लय कंपन्यांचं?"

"लय."

"मग दोन घाल. एकाच औषधाला कीड सरावते. हे तुला कारखान्यात कोणी शिकवायचं नाय. आपल्या कॉम्प्युटरात रोग पाऊल ठेवणार नाय, लिहून घे."

फवारणीच्या विषयात पुंजारामशी वाद घालून गावात कोणी जिंकलेलं नव्हतं. जीवनने गुमान दोन्ही औषधं घातली. दर रविवारी तो सीडीवर नवा डोस आणी. नवा डोस आला तरी जुना जागचा हलत नसे, लग्न होऊन गेलं तरी मुक्काम न हलवणाऱ्या पाहुण्यासारखा.

लग्नाचे फोटो जीवनच्या मित्राने डिजिटल कॅमेऱ्याने काढले होते. ते त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवरून जीवनच्या कॉम्प्युटरात आणून ओतले आणि आपल्याकडचे पुसून टाकले. त्यात एक फोटो पुंजारामच्या आईचा, लंकाबाईचा होता. कॅमेरा दिसला की ही म्हातारी पोलीस ठाण्यात उभी केल्यासारखं तोंड करायची. पण हळदीच्या दिवशी नवे व्याही पाट समजून हळदीच्या परातीत बसले आणि लंकाबाई बोळकं उघडून, डोळे मिटून हसली. नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. तिचा जन्मातला तेवढा एक हसरा फोटो. तो मोठा करून भिंतीवर लावायचा, असं पुंजारामने ठरवलं होतं.

दसरा आला. झेंडूच्या गर्दीतून मोकळा झाल्यावर त्याने फोटोची आठवण काढली. जीवनने कॉम्प्युटर लावला, तर तो बैलाने बसकण मारावी तसा बसला. डिस्क भरली होती आणि फोटो कुठेच दिसत नव्हते.

सातपूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा अमोल आला. बराच वेळ खुडबुड करून तो हसायला लागला.

"काका, दोन औषधं घातली कोणी?"

"मी. का?"

"दोघांची भांडणं लागलीत. रोगट वाटेल ते धरून आत कोंडायचं, हे यांचं काम. पहिल्याने काही धरून कोंडलं की दुसऱ्याला पहिल्याचा कोंडवाडाच रोगट वाटतो. तो त्याची नक्कल आपल्या कोंडवाड्यात ठेवतो. मग पहिला त्याची. सगळी डिस्क यांच्या गुरांनी भरलीय."

"मग उपटून टाक सगळं. रोगट रोप वाफ्यात ठेवायचं नसतं. जाळून मोकळं व्हायचं."

अमोलने बोट उचललं आणि थांबला. "काका, तुमचे लग्नाचे फोटो पण कोंडवाड्यातच आहेत. मित्राकडचा रोग त्यांच्यासोबत आलाय."

पुंजारामचं तोंड उतरलं. तीस वर्षं त्याने रोगट रोपाला दया दाखवली नव्हती.

"बरे नाय करता येत?"

"माझ्याकडे तेवढं औषध नाही. सोडले तर फोटो मिळतील, पण रोगही सुटेल. जाळले तर दोन्ही गेले."

ओट्यावर झेंडूच्या माळा ओवत बसलेली लंकाबाई सगळं ऐकत होती.

"पुंजा, काय अडलं रे?"

"आई, तुझा फोटो रोगट निघाला."

"मग दुसरा काढ."

"तसा नाय निघायचा. तू हसती कुठं?"

"ते बी खरं," म्हातारी सुईत दोरा ओवत म्हणाली. "मी काय परत हसणार नाय. आन् तो येडा इवाही बी परत परातीत बसायचा नाय."

पुंजाराम खुर्ची ओढून पडद्याजवळ बसला. मग हळूच म्हणाला, "सोड."

"नक्की, काका?"

"सोड म्हटलं ना. फक्त गावात कोणाला सांगू नको."

अमोलने दोन्ही औषधं काढली, कोंडवाडा उघडला आणि आहे तसं सगळं सीडीवर घेतलं. पुंजारामने ती सीडी पंचवटीतल्या फोटोवाल्याकडे नेली. फोटो झकास निघाला. चारच दिवसांत घरचा कॉम्प्युटर कायमचा आडवा झाला, आणि त्याच आठवड्यात फोटोवाल्याचाही. तो तणतणत मखमलाबादला आला.

पुंजारामने त्याला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही औषध किती मारलेलं?"

"एकच."

"तेच चुकलं," पुंजाराम म्हणाला.

कॉम्प्युटर पुढे भंगारात गेला. फोटो भिंतीवर लागला. लंकाबाई त्याच्याकडे पाठ करून बसायची. दात नसलेलं तोंड चारचौघांत टांगलं म्हणून लेकावर कुरकुरायची. ती २००७ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतर दोन दिवसांनी वारली. भिंतीवर तिचं हसू तेवढं राहिलं.