घरचं नाव सांगा

आमच्या शेजारच्या नानांना तुम्ही आपलं नाव सांगितलंत, तर ते ऐकूनसुद्धा घेणार नाहीत. हात झटकून म्हणतील, "ते आधार कार्डावरचं झालं. घरचं सांगा."

पाथर्डी फाट्याजवळच्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो, तेव्हा सामानाचा टेम्पोही रिकामा झाला नव्हता आणि हा गृहस्थ मला विचारत होता, "लहानपणी आई काय हाक मारायची?" मी शाळेत गणित शिकवते. ते नाव बाहेर फुटलं, तर दहावीचा वर्ग माझ्या हातातून गेलाच म्हणून समजा. मी विषय बदलला. नाना तो परत तिथेच आणून ठेवायचे.

त्यांच्या तावडीतून कोणी सुटलेलं नाही. तळमजल्यावरचे निवृत्त फौजदार 'बबड्या' निघाले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर 'बंटी'. तेव्हापासून नाना भरल्या दवाखान्यात "बंटीडॉक्टर, येऊ का?" म्हणून आवाज देतात आणि डॉक्टर घाईघाईने त्यांना सगळ्यांच्या आधी आत घेतात. म्हाताऱ्या बायकांची नावं मात्र ते फार बारकाईने विचारत. कोणी ठेवलं, का ठेवलं, गावात आणखी कोणाकोणाला तसं म्हणत.

मग त्यांच्या घरातून हाका ऐकू यायला लागल्या. "छबूऽ!" थोड्या वेळाने "ठकूऽ!" मग "बेबीऽ!" घरात तर नाना आणि काकू दोघंच. या वयात हे काय, म्हणून सोसायटीत कुजबुज सुरू झाली आणि भिंतीला भिंत लागून असल्यामुळे विचारायची जबाबदारी माझ्यावर आली. मी कोथिंबीरवड्यांची बशी घेऊन गेले.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. त्यांना विसर पडतो हे आम्हाला माहीत होतं, पण किती, ते नव्हतं.

"मध्ये गेट उघडं राहिलं," नाना हळू आवाजात म्हणाले. "ही निघाली सरळ हायवेकडे. मी मागून अगं, अगं ओरडतोय, वळेचना! रिक्षावाल्याने अडवली म्हणून बरं. लग्नात ताटातल्या तांदळात मीच सुनंदा लिहिलं हो, पण त्या नावाने हाक कधी मारली? जन्मभर नुसतं अगं. आता सुनंदा म्हटलं की इकडेतिकडे बघते, कोणाला बोलावतायत म्हणून. पत्रिकेतलं मथुरा, त्यालाही ओ देत नाही. माहेरी घरात काहीतरी वेगळंच म्हणत असणार. पण जावयासमोर सगळे सुनंदा, सुनंदा करायचे. मीही कधी विचारलं नाही. आता तिथलं कोणी उरलं नाही." त्यांनी बशी तशीच हातात धरली होती. "पुन्हा गेट उघडं राहिलं, तर मी काय हाक मारू?"

त्या दिवसापासून गेटची कडी वाजली की हातातल्या वह्या टाकून मी गॅलरीत धावायची.

नाना आमच्या घरी काकूंना बसवून एसटीने घोटीला जात. काकूंचं माहेर तिथलं. एकदा परत आले ते पडेल चेहऱ्याने.

"सापडलं," म्हणाले. "भातगिरणीमागे एक म्हातारी भेटली. मथुरा म्हटलं तर ओळखेना. मग म्हणाली, 'आवं, दगडी म्हना की! तिच्या आधीची लेकरं जगली नाय, म्हनून आईनं दगडी म्हनलं. दगडाला कोन उचलून नेतंय!'"

"मग मारा ना हाक!"

"बायकोला? दगडी?" नाना चक्क लाजले. "शेजारीपाजारी काय म्हणतील?"

भर दवाखान्यात बंटीडॉक्टर म्हणणारा हा माणूस! मी कपाळावर हात मारला.

शनिवारी शाळेतून येताना मी सर्व्हिस रोडपलीकडे स्कूटर घेऊन अडकले होते. समोरून काकू पदर खोचून झपाझप हायवेकडे निघालेल्या. मागे नाना, एका पायात चप्पल. "अगं! सुनंदा! मथुरा!" काकू थांबेनात. पुलाखालून कंटेनर वळत होता. माझा आवाज पलीकडे पोचणार नव्हता, म्हणून मी हॉर्नच दाबत राहिले.

नाना जागीच थांबले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "ए दगडीऽऽ!"

"ओऽ!" म्हणून काकू वळल्या. कंटेनर त्यांच्या पाठीमागून धडधडत गेला.

मी पलीकडे पोचले तेव्हा नाना धापा टाकत समोर उभे होते आणि काकू त्यांना नीट न्याहाळत होत्या. डोळ्यांत ओळख नव्हती, पण भीतीही नव्हती.

"तुम्ही आमच्या घोटीचे का हो?" त्यांनी विचारलं.

नानांनी बाहीने तोंड पुसलं. "हो," ते म्हणाले. "घोटीचाच."

"मग घरी सोडता का मला? आई वाट बघत असेल."

त्यांनी आपणहून हात पुढे केला. नानांनी तो धरला. मला तिथे भर रस्त्यात रडू आलं.

"चल, दगडी," नाना म्हणाले, आणि दोघं सोसायटीकडे चालू लागले.