वास सुटेपर्यंत

"आणि मग वास सुटला की पाणी घाला," बायको फोनवर म्हणाली.

"किती मिनिटांनी?"

"मिनिटं कसली? वास सुटला की."

"अंदाजे तरी?"

"अहो, अख्खा कारखाना तुमच्या नाकावर चालतो आणि मला मिनिटं विचारताय?"

त्याने घाईघाईने हसून घेतलं. बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. तिला खरं सांगायची सोय नव्हती. तिला सांगितलेलं बहिणीला कळणार, बहिणीचं नवऱ्याला, आणि तो नवरा त्याच कारखान्यात पॅकिंगला. म्हणजे चहाच्या सुट्टीपर्यंत कारखानाभर बातमी.

खरं एवढंच होतं, की त्याला वास येत नव्हता.

तीन आठवडे. साधी सर्दी झाली, सर्दी गेली, जाताना नाक घेऊन गेली. त्याने लसूण हुंगला. कॉफीच्या डब्यात तोंड घातलं. स्वतःचे मोजे...

ते जाऊ दे. मोज्यांनाही वास नव्हता.

साबणाच्या कारखान्यात त्याची नोकरीच वास घेण्याची. प्रत्येक लॉट दोघांनी हुंगायचा, मग 'पास'चा शिक्का. त्या दोघांना सगळे थोरलं नाक आणि धाकटं नाक म्हणत. हा धाकटं. तीन आठवडे त्याने एकच युक्ती चालवली होती: वडी नाकाशी धरायची आणि थोरल्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. चेहरा खुलला की शिक्का. चौदा लॉट असे गेले. 

आता थोरलं नाक महिनाअखेरीला निवृत्त होणार होतं, आणि कारखान्याची जुनी रीत अशी, की थोरल्याची खुर्ची ज्याला हवी, त्याने स्वतःच्या हाताने, तयार मसाला न वापरता, सुवासिक भात शिजवून थोरल्याला जेवू घालायचं. साबणात सुगंध ओतता येतो, भातातून तो काढावा लागतो, असं म्हणत. ज्याचं नाक कामातून गेलं त्याची बदली कॉस्टिक सोड्याच्या टाक्यांवर होई. तिथली माणसं बोलण्याआधी पाच मिनिटं खोकत.

जेवण आज एक वाजता, त्याच्याच घरी.

बारा वाजून पाच. लोणी वितळलं. दालचिनी, लवंगा, तमालपत्र पडलं. 'खमंग वास आला की कांदा.' त्याने पातेल्यावर वाकून दीर्घ श्वास घेतला. गरम हवा. नुसती गरम हवा. त्याने लवंगांकडे बघितलं. लवंगा काही बोलेनात.

बारा वाजून नऊ. शेगडी बारीक करून, चमच्यात थोडं लोणी-मसाला घेऊन तो खालच्या मजल्यावर धावला. तिथे शिंपीणकाकू राहत. तोंडात टाचण्या आणि त्यांच्यामधून येणारी वाक्यं.

"काकू, जरा वास बघता? म्हणजे... तुमचं मत."

काकूंनी टाचण्या काढल्या. "मला विचारता? कावळ्याने कोकिळेला गाणं शिकवायचं म्हणा की."

"आपल्याच हातचं आपल्याला कळत नाही हो."

"कच्चं आहे. दोन मिनिटं परता."

बारा वाजून चौदा. कांदा. पुन्हा जिना. "लालसर होऊ द्या." बारा वाजून एकवीस. आलं-लसूण. पुन्हा जिना. "आता बरं आहे. तांदूळ टाका. आणि धापा कशाला टाकताय? लिफ्टवाल्याशी भांडण झालंय का?"

तांदूळ परतले, पाणी घातलं, झाकण ठेवलं. वाऱ्याने ज्योत हलू नये म्हणून बायकोने खिडक्या बंद ठेवायला सांगितलं होतं. त्याने सगळ्या बंद केल्या. स्वयंपाकघराचं दारही.

बारा वाजून बत्तीस. शेवटची खेप. पण भात तर चमच्यात येणार नव्हता, म्हणून त्याने वाटीत थोडी वाफ...

वाफ वाटीत राहत नाही, हे त्याला जिन्यात कळलं.

"रिकामी वाटी?" काकू म्हणाल्या. "आता मी हवा हुंगू? बसा जरा. तोंड बघा कसं झालंय. नोकरीत काही झालंय का?"

तो बसला. तिथेच चुकलं. तीन आठवड्यांत त्याला कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. काकूंनी पाणी दिलं, भाचीच्या लग्नातल्या ब्लाउजांची हकीकत सांगितली, आणि बारा वाजून बावन्न मिनिटांनी तो किंचाळत उठला.

वर पातेलं शांत होतं. फार शांत. पाणी उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं आणि बर्नर विझला होता. नॉब चालूच होता. त्याने तो झटकन बंद केला, सवयीने लायटर उचलला, बर्नरजवळ नेला, अंगठा ठेवला...

आणि थांबला.

ज्योत विझून किती वेळ झाला? एक मिनिट? पंधरा? खोलीत गॅस होता का? कुठल्याही घरातल्या कुठल्याही माणसाने एक श्वास घेऊन हे सांगितलं असतं. त्याने एक श्वास घेतला. दुसरा घेतला. मग एकदम वाटलं, जास्त घेऊ नये.

 खिडकीकडे जायचं तर पायच हलेनात. हातातला लायटर त्याला जिवंत वाटू लागला. तो खाली ठेवावा, तर ठेवताना खटका बसला तर?

बेल वाजली.

बेल विजेवर चालते. त्याने डोळे घट्ट मिटले. काही झालं नाही. त्याने डोळे उघडले. तरीही काही झालं नव्हतं.

लायटर हातात धरूनच त्याने जाऊन दार उघडलं. दारात थोरलं नाक, म्हणजे त्याचे साहेब, उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, खिशात शिफारशीचा घडी घातलेला फॉर्म. साहेब थेट स्वयंपाकघरात आले, डोळे मिटून छातीभर श्वास घेतला आणि म्हणाले, "वा! काय घमघमाट सुटलाय! दालचिनी, लवंग... वा!"

त्याच्या जिवात जीव आला. शहाण्णव प्रकारच्या वड्या डोळे बांधून ओळखणारा माणूस. गॅस असता तर बोलला नसता?

"आणखी काही येतोय का साहेब? वास?"

"आणखी?" साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला. "हो, तमालपत्र. आहे ना?"

"आहे. बस, पाच मिनिटांची वाफ राहिलीय."

"मग पेटव की."

त्याने लायटर पुढे केला.

"हात वर करा!"

दारात शिंपीणकाकू, नाकाला पदर. "हात वर, म्हणते! डोकी ठिकाणावर आहेत का? जिन्यापर्यंत गॅस आलाय! निघा बाहेर दोघं!"

काकूंनी त्याच्या हातातून लायटर काढून घेतला, दोघांना ढकलत जिन्यात नेलं, आणि पदर दाबून आत जाऊन धडाधड खिडक्या उघडल्या.

दोघं पायरीवर बसले.  

"साहेब," तो म्हणाला, "तुम्हाला गॅस..."

"तुला?"

"तीन आठवडे झाले."

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "मला चार वर्षं. काल रात्रभर झोपलो नाही मी. म्हटलं, एवढ्या तिखट नाकाच्या माणसाकडे जेवायचं, पहिल्या घासाला पकडणार हा आपल्याला. दालचिनी, लवंग पाठ करून आलोय."

"पण साबण? मी तर तुमच्या तोंडाकडे बघून शिक्का मारत होतो."

साहेब हळूहळू त्याच्याकडे वळले. त्यांच्या तोंडचा रंग गेला होता.

"अरे, मी तुझ्या तोंडाकडे बघून खूश होत होतो."

खाली कुठेतरी नळ ठिबकत होता. चौदा लॉट. चौदा लॉट साबण आत्ता या घटकेला लोकांच्या अंगाला लागत होता.

"या आत आता," काकूंनी आवाज दिला. "गेला वास."

दोघंही उठले नाहीत. काकू झाकण हातात घेऊन दारात आल्या. "लवंगा दोन जास्त झाल्यात. लोणी बरं आहे. भात वरून कच्चा, खालून लागलाय. आणि तुमच्याकडे तो नवा हिरवा साबण वापरता ना? तेल खवट झालंय त्यातलं. पंधरा दिवस त्याचा वास जिन्यात येतोय, बोलायचं कसं म्हणून गप्प बसले."

साहेबांनी खिशातून फॉर्म काढला आणि गुडघ्यावर पसरला. मग पेनाचं टोपण उघडलं. धाकट्या नाकाने मान खाली घातली. कॉस्टिकच्या टाक्या त्याला आत्तापासून दिसू लागल्या.

"साहेब, माझं काय?"

"तू जिथे आहेस तिथेच. पेटवायच्या आधी जो घाबरून 'आणखी काही वास येतोय का' विचारतो, असा एक माणूस कारखान्यात हवाच. मी असतो तर पेटवलं असतं." ते काकूंकडे वळले आणि जन्मात पहिल्यांदा कुणाशी तरी अतिशय अदबीने बोलले. "बाई, आपलं पूर्ण नाव?"

"का? पोलिसात देताय की काय?" काकू म्हणाल्या. "आधी तो साबण बदला. मग नाव सांगते."