उलटी यादी

१९८८ साली हेडमास्तर वारले. शोकसभेत वाचायचा मजकूर त्यांच्या पत्नीने छापखान्यात बसून सांगितला. एकतीस ओळी झाल्या. एकोणिसावी मात्र त्यांनी हळू आवाजात सांगितली: ‘त्यांची सर्व भाषणे त्यांच्या पत्नी लिहून देत.’ तीस वर्षांत हे कोणी बोलले नव्हते.

मजकुराची प्रत परगावी दिरांकडे गेली. दीर वकील. त्यांनी आपल्या संगणकावर दुरुस्त्या केल्या. फोनच्या तारेवरून छापखान्यातल्या संगणकावर सगळा मजकूर पुन्हा पाठवायला फार वेळ लागे. म्हणून यंत्र दोन्ही प्रती ताडून फक्त फरकांची यादी काढून देई: अमुक ओळ गाळा, तमुक ओळीनंतर हे घाला. यादी शेवटच्या ओळीपासून सुरू होई, म्हणजे खाली बदल केले तरी वरचे आकडे हलत नसत.

हे छापखान्यातल्या टाइपिस्टला ठाऊक नव्हते. त्याला सगळे गवंड्याचा ओळंबा म्हणत. भिंतीवरचे कॅलेंडर तिरके दिसले तरी त्याचा घास अडे.

“एकोणीस गाळा, असं आलंय, वहिनी.”

“राहू द्या ना तेवढी एक.”

“मी यादीबाहेर जात नाही. आणि ही तर उलटीच पाठवलीय! वकील ना ते?”

त्याने यादी वरून खाली नीट लावली. चौथ्या ओळीनंतर दिरांच्या दोन नव्या ओळी घातल्या. खालच्या सगळ्या ओळी दोन घरे सरकल्या. मग इमानाने एकोणिसावी गाळली. ती मुळातली सतरावी होती.

सभेत दीर स्वतः वाचायला उभे राहिले. ‘धाकट्या भावाचा सल्ला त्यांनी कधी मोडला नाही,’ या ओळीसाठी त्यांनी घसा साफ करून ठेवला होता. ती, मुळातली सतरावी, आलीच नाही. आली ती वहिनींची, आणि कळेपर्यंत ती खणखणीत वाचून झाली होती. अगदी अखेरीस घालायला सांगितलेले वाक्यही एक ओळ वर चढले होते: ‘सभेत ते दोन-दोन तास बोलत. आता सर्वत्र शांतता पसरली आहे. तरीही कोणी उठून जात नसे.’

मागच्या रांगेत कुणीतरी शिंकल्यासारखे हसले.

“काय करून ठेवलंत हे?” दीर खाली येताच ओळंब्यावर तुटून पडले.

“साहेब, यादी उलटी होती. मी सरळ केली.”

“भावजी, वाचलंत मात्र छान हो,” वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

दिरांनी त्यानंतर आधी न वाचलेला कागद चारचौघांत कधी हातात धरला नाही. वहिनींकडे गावभरचे लोक भाषणे लिहून घ्यायला येऊ लागले, आणि खाली लेखिका म्हणून त्यांचे नाव असे. ओळंब्याला आपली चूक कळली, पण फार उशिरा. निवृत्तीच्या दिवशी वाचायचे भाषण त्याने वहिनींकडूनच लिहून घेतले. चार पाने होती, शेवटचे चुकून वर आले होते. ओळंब्याने ते पाहिले आणि तसेच वाचले: आधी आभार, मग नमस्कार.