वनराज शासनाची जुनी जीप

एका जंगलात, मुलांनो, फार शिस्तीचे राज्य होते. शिस्त म्हणजे, सिंहमहाराजांची जीप आली की प्रजा आपणहून रस्ता सोडून काट्यांत उभी राही.

पुढे महाराजांना नवी जीप आवडली. त्यामुळे जुनी जीप जुनी झाली आणि लिलावात निघाली.

साळिंदररावांनी ती घेतली. त्यांच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि वैद्यीण घुबडबाई टेकडीपलीकडे राहत.

"सरकारी गाडी! देखभाल चोखच असणार," साळिंदरराव म्हणाले.

"चोख म्हणजे? रोज पुसायचो!" जीपचा जुना ड्रायव्हर वानर म्हणाला. साळिंदररावांनी त्यालाच चालवायला ठेवले.

लिलावातल्या गाडीवरची 'वनराज शासन' ही अक्षरे खरवडून काढावीत, असा नियम होता. तो पाळणारा जंगलात एकच प्राणी निघाला. साळिंदररावांनी स्वतःच्या काट्याने बॉनेट कोरे केले.

एका दुपारी साळिंदरीणबाईंना कळा सुरू झाल्या. जीप टेकडी चढली, उतरू लागली. खाली रस्ताभर म्हशी.

"वानरभाऊ, ब्रेक दाबा!"

"तो लागत नाही. कधी लागलाच नाही. अक्षरं बघून समोरचेच थांबायचे."

"मग आधी बोलायचं ना!"

"तुम्ही खरंच अक्षरं काढाल, असं कुणाला वाटलं? शिकलेले दिसता!"

म्हशींनी कोरे बॉनेट पाहिले आणि रवंथ चालू ठेवला. वानराने चाक फिरवले. जीप नाक्यावरच्या चौकीत घुसली.

लांडगा हवालदार विटा झटकत बाहेर आला. "गाडी जप्त! पंचनामा होईपर्यंत कुणी हलायचं नाही."

"साहेब, बायकोला कळा येताहेत हो!"

"कळांना थांबायला सांगा."

मागून साळिंदरीणबाई किंचाळल्या, "अहो, हात काय जोडताय? लिहा ती अक्षरं परत!" त्यांनी कुंकवाचा करंडाच पुढे फेकला.

साळिंदररावांनी कुंकवात बोट बुडवून हवालदारादेखत बॉनेटवर 'वनराज शासन' लिहिले.

हवालदाराने ते वाचले आणि खाडकन सलाम ठोकला. "माफी असावी, साहेब! आमची चौकीच मध्ये आली."

मग तोच शिट्टी फुंकत जीपपुढे धावला. म्हशी क्षणात पांगल्या. जीप घुबडबाईंच्या कुंपणावर आदळून थांबली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

दरबाराने चौकशी नेमली. ठपका साळिंदररावांवर आला: अक्षरे खरवडून प्रजेचा जीव धोक्यात घातला.

तात्पर्य : बाळांनो, सरकारी गाडीचे ब्रेक गाडीत नसतात, प्रजेच्या पायांत असतात. तेव्हा अशी गाडी घ्याल तर मेकॅनिककडे जाऊन पैसे वाया घालवू नका. थेट पेंटर गाठा.