कोठीत अंदाज नाही

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराजांना जुना खोकला होता. त्यावर उतारा एकच, अस्वलीण कुंतलामावशींचा मोरावळा. तेवढ्यावर मावशींची दरबारातली नोकरी टिकून होती.

मग हत्ती गजकर्णसाहेब कारभारी झाले. म्हणाले, "ज्याला जे येतं ते त्याने राघूला सांगायचं. राघू पाठ करेल. उद्या कुणी असो नसो, ज्ञान दरबारात राहिलं पाहिजे!"

पहिले गेले साळिंदरअण्णा. शिकाऱ्यांचे खड्डे कुठे आहेत, ते फक्त त्यांना ठाऊक. भोळा जीव, सगळं सांगून मोकळा झाला. साहेबांनी त्यांना शाल पांघरली. "आता आराम करा, अण्णा." दुसऱ्याच दिवशी त्यांची जागा रद्द! शाल काट्यांत अडकली ती अजून निघत नाही म्हणे. बायकोनेही ओढून पाहिली.

मावशींनी ती शाल नीट पाहिली आणि मगच त्या राघूसमोर जाऊन बसल्या.

"हं मावशी, बोला," राघू म्हणाला.

"आवळे उकडायचे. मधात मुरवायचे."

"आणि सुंठ?"

"सुंठ अंदाजाने."

राघूने पाठ केलं. साहेबांनी दुसरी शाल काढून ठेवली.

पण कोठीवरची खार धावत आली. "साहेब, आवळे आहेत, मध आहे, सुंठ आहे. अंदाज काही सापडत नाही!"

"संपला असेल. शेजारच्या जंगलातून मागवा. आणि जरा चांगल्यातला बघा!"

अंदाज काही आला नाही. महाराज खोकून खोकून लालबुंद झाले. "मावशींना बोलवा!"

मावशींनी सुंठेची मूठ भरली. थांबल्या. चिमूटभर परत टाकली.

"हाच का तो अंदाज?" साहेबांनी सोंड लांबवून विचारलं.

"हाच हो. पण माझ्या पंज्याबाहेर टिकत नाही मेला!"

मावशी नोकरीत कायम झाल्या. शाल परत पेटीत गेली. फांदीवरून राघू सगळं बघत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब फेरीला निघाले. "राघू, तो अण्णांनी सांगितलेला खड्डा कुठेशी रे?"

"पुढेच, साहेब. अंदाजाने."

धप्प!

"अरे, वर कसं यायचं? अण्णांनी तेही सांगितलं असेल ना?" आतून आवाज आला.

राघूने चोचीने पंख साफ केले. "सांगितलंय की. आधी माझं कायम करायचं बघा, साहेब."

तात्पर्य: आपल्याला जे येतं ते मोकळ्या मनाने सगळ्यांना सांगावं. शाल हवी असेल तर पूर्ण सांगावं, पगार हवा असेल तर अंदाजाने.