रस्ता तं दिसनच, आणखी?

फागू मामाजी मोटारसायकलला जास्तीचे एलईडी दिवे बसवून द्यायचे, पण दिवे बसले म्हणून गाडी हातात पडत नसे. आधी मालकाची तोंडी परीक्षा व्हायची. दिवेलागणीला ते मालकाला गाडीवर बसवायचे, गाडीचं तोंड दुकानासमोरच्या कच्च्या रस्त्याकडे करायचे, स्विच दाबायला सांगायचे आणि विचारायचे, "काय दिसते?"

"रस्ता दिसते, मामाजी."

"रस्ता तं दिसनच. आणखी?"

"बकरी."

"कोनाची?"

"मले काय माहीत कोनाची!"

"मंग बत्ती कमजोर आहे," असं म्हणून मामाजी स्क्रूड्रायव्हर उचलायचे.

एकदा एका हेडमास्तरांनी गाडीवर ताठ बसून सांगितलं, "प्रकाश समाधानकारक आहे." मामाजी म्हणाले, "समाधान कोन्या बाजूले पडून राहिले, गुरुजी? डाव्या का उजव्या?" गोंदियाच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा वैतागला, "मामाजी, रोड दिख रहा है, और क्या चाहिए?" मामाजी शांतपणे म्हणाले, "रोड तो दिखेगाच. आगे बोल." त्याला कडुलिंबात अडकलेला पतंग आणि नालीतली चप्पल सांगितल्यावरच सुटका मिळाली.

गोंदियाजवळच्या गोरेगावात बाजाराच्या मागे मामाजींचं टिनाचं दुकान होतं. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा बिचकलोच. प्रत्येक पान्हा आपल्या खिळ्याला, प्रत्येक वायर आपल्या डब्यात. दाराजवळच्या खांबाला लागून एक लाकडी स्टूल असे. त्यावर कोणी बसायचं नाही आणि ते हलवायचं तर मुळीच नाही. कुणाचा नुसता पाय लागला तरी आतून आवाज यायचा, "कोन हलवला बे स्टूल?" लोक म्हणत, म्हातारा तापट आहे.

पण काम! मी बीएस्सीला होतो, विजेचे नियम पाठ केले होते, पण वीज इतकी अदबीने वागताना तिथेच पाहिली. दुसरे मेकॅनिक हेडलाइटच्या वायरलाच जोड मारून पाच मिनिटांत मोकळे होत. मामाजी थेट बॅटरीपासून नवी वायर ओढत, मधे फ्यूज लावत, मग रिले, म्हणजे स्विचची छोटी डबी. "हेडलाइटच्या ताटातलं याले जेवाले द्याचं नाही. याचं ताट अलग." रिले कानाशी धरायचे, आत टक झालं की म्हणायचे, "बोलला." दिव्यांचं तोंड नेहमी खाली आणि थोडं रस्त्याच्या कडेला. "समोरून येनाऱ्याच्या डोळ्यात बत्ती घालाची नाही. तो का चोर आहे?"

आता मी तिथे का गेलो ते सांगतो, थोडी लाज वाटते तरी. दिवाळीनंतर आमच्याकडे डांबरी रस्त्यावर धान वाळत घालतात आणि गाड्या वरून जाऊ नयेत म्हणून कडेने गोटे मांडतात. गोंदियाहून प्रॅक्टिकल आटोपून येताना अंधार झाला. माझ्या जुन्या गाडीचा हेडलाइट काजव्यासारखा. मी एका रांगेवर धडकलो आणि धानात पडलो. धान आमचंच होतं. गोटे बाबांनीच मांडले होते.

"बापाचे गोटे नाही दिसले तुले?" बाबा म्हणाले. "पुरे झालं कॉलेज."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे ते पूर्णच करायचं असतं असा काही रिवाज घरात नव्हता. आईने मधे पडून कसंबसं ठरवलं: आधी बत्ती लाव, अंधारात गोटे दिसतात हे बाबांना दाखव, मग पाहू.

मामाजींनी दुपारभर खपून दिवे बसवले. दिवस मावळला. गाडी बाहेर काढताना चाकाला स्टूल अडत होतं, म्हणून मी ते हळूच हातभर सरकवलं. परत ठेवायचं विसरलो.

"काय दिसते?" आतून प्रश्न आला.

वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण दिवा लागला आणि मी बोलायला लागलो. "तणसाची गंजी. सायकलचा टायर. कुत्रं, पांढरं, एक कान काळा."

"शाब्बास. आणखी?"

"डावी बत्ती जराशी वर वाटते, मामाजी."

"आलो," म्हणत ते निघाले आणि स्टुलाला अडखळून धाडकन पडले.

मी धावलो. स्क्रूड्रायव्हर झोताच्या काठाला पडला होता, त्याची पिवळी मूठ मला स्पष्ट दिसत होती. मामाजी मात्र त्याच्या वीतभर बाजूला मातीत हात फिरवत होते. फिरवतच राहिले.

मी तो त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, आता ओरडतील. ते हळूच म्हणाले, "हलवला काऊन बे स्टूल?"

मग मातीतच बसून त्यांनी सांगितलं. कितीतरी वर्षांपासून दिवस मावळला की डोळे गेलेच. "मले बत्ती दिसते, बाबू. बत्तीत काय आहे ते नाही दिसत. कोनाले सांगू नको. लोक म्हनतीन, आंधळा बत्त्या लावून राहिला."

"पण मामाजी, तुमच्या बत्त्या तर साऱ्यात नीट असतात."

"साऱ्याइच्या डोळ्याने लावतो. मंग नीट नाही राहीन?"

(आता सगळ्या बाजाराला ठाऊक आहे, आणि हे मी त्यांना विचारूनच लिहितो आहे.)

मी स्टूल जागेवर ठेवलं. त्यांनी स्क्रू पाव फेरा फिरवला, मी "बस" म्हणालो.

घराजवळ बाबा अंधारात रस्त्यावर उभे होते. गोटे मांडून तयार. लांबूनच ओरडले, "किती गोटे?"

"अकरा. आणि शेवटच्यावर तुमचा दुपट्टा."

खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी विचारला नव्हता. बाबांनी वाकून दोन्ही दिवे पाहिले. मग म्हणाले, "सकाळी किती वाजता निघाचं असते तुले?"

त्यानंतर रोज येताना मी मामाजींच्या दुकानाशी थांबायचो. ते खांबाला धरून उभे असत. दोन बत्त्या दिसल्या की विचारायचे, "बाबू, आज काय दिसले?" मी सांगायचो. रानडुकराची पिल्लं. उसाच्या ट्रॅक्टरवर झोपलेला माणूस. गाडीवर बांधून चाललेलं कपाट, त्याच्या आरशात माझेच दोन दिवे. सांगायचं आहे म्हणून मी रस्ता पाहायला शिकलो.

एकदा परीक्षेचा पेपर वाईट गेला होता. मी म्हणालो, "आज काहीच नाही, मामाजी. रस्ताच दिसला."

ते ओरडले नाहीत. स्टुलावर हात ठेवून म्हणाले, "तुझी मामी इथं बसे. सांज झाली का मले सारं सांगे, कोन गेला, कोन आला. काही नसलं तं खोटं सांगे. एकदा तं हत्ती सांगतला तिनं." मग म्हणाले, "ती गेली, मंग गिऱ्हाइकाइले विचारू लागलो. पन गिऱ्हाइक रस्ताच सांगते."

दुसऱ्या दिवशी मी गाडी थांबवली. ते खांबाला धरून उभे होते.

"मामाजी," मी म्हणालो. मला खोटं नीट बोलता येत नाही. "आज हत्ती दिसला."

मामाजींनी खांब सोडला. मग त्यांनी स्टूल चाचपलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"बस," ते म्हणाले. "कोनाचा?"